तळटीपांना समान हक्क

तीर्थरूप आत्या,

लांबूनच तुझ्या पायांना हात लावतो. पत्र लिहायचं दोन महिने टाळलं, हे आधीच कबूल करतो. पेन सापडलं की कागद नसायचा, कागद आणायला निघालो की भलतीकडेच पोचायचो. गुडघा कसा आहे? (डावा. उजवा कुरकुरण्यासाठीच जन्मलाय.)

आत्या, मी अजून हादरलेलाच आहे. होड्या दुरुस्त करायचं काम सोडून (ती होडी माझ्यामुळे बुडाली नाही, ते वेगळं सांगेन) मी कायद्याच्या एका प्राध्यापकांकडे टायपिंगला लागलो. सर वीस वर्षं अराज्यवादाचा अभ्यास करतायत. म्हणजे राजा नको, सरकार नको, कोणी कोणाच्या डोक्यावर बसायला नको, माणसं समजुतीनं राहतील. सात प्रकरणं टाइप करता करता मला हे जाम पटलं. आणि बघतो तर काय, प्रत्येक पानावर आडवी रेघ. रेघेच्या वर सरांची ऐसपैस वाक्यं, खाली बारीक अक्षरांत कोंबलेल्या बिचाऱ्या तळटीपा. असल्या ग्रंथात हा अन्याय? मी रेघा काढून टाकल्या आणि चारशे बारा तळटीपा उचलून मजकुरात मानानं बसवल्या. त्यांचे नंबरही पुसले. कैदी आहेत का त्या?

मला वाटलं, सर गळ्यात पडतील. सर पांढरेफटक पडले. ग्रंथ सोमवारी छापखान्यात जायचाय, आणि त्यांची हातानं लिहिलेली प्रत मी (एकाला दोन कशाला, म्हणून) रद्दीत दिलेली. ओरडले असते तर बरं. त्यांनी पाच कलमांची लेखी नोटीस दिली: तीन दिवसांत खुलासा, नाहीतर नोकरी आणि माळ्यावरची खोली दोन्ही सोडा. मी विचारलं, सर, राज्य नको ना? तर म्हणाले, "ते समाजात. हे माझं घर आहे."

 

तुझा भाचा

ता. क. नोटिशीच्या पाचव्या कलमाप्रमाणे सुनावणी दोघांना मान्य अशा त्रयस्थापुढे व्हायचीय. मी तुझं नाव आणि फोन नंबर दिलाय. कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलीस, एवढंच सांगितलं, नातं नाही. ये आणि नोकरी वाचव. चष्मा आण. कुठलं वाक्य वरचं, कुठलं खालचं, हे आता मला कळत नाही, आणि खरं सांगू, सरांनाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवतोय तोच तू दारात. सरांनीच फोन केलेला दिसतोय. तू सरळ त्यांच्या खुर्चीत बसलीस, गठ्ठा पुढे ओढलास, आणि कोणी कोणापुढे उभं राहू नये म्हणून चारशे पानं लिहिणारा माणूस तुझ्यापुढे उभा राहिला. "बसा दोघंही," तू म्हणालीस. "सोमवारपर्यंत इथून कोणी हलायचं नाही."

आम्ही बसलोय.