कोराडी रोडवरचा बँड

४ जानेवारी १९७८
कोळशाच्या ट्रकचं बेअरिंग गेलंय, हे फक्त मी पकडलं. लांब पेचकस इंजिनला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. इंजिन स्वतःची कुंडली सांगतं. गॅरेज उभं आहे ते या कानांवर. बरं, थोडं पार्टनर महादेवरावावरही. संकल्प: कान आणखी तल्लख करणे. रोज कोमट तेल, वर कापूस.

१९ जानेवारी
हल्ली महादेवराव कुजबुजतो. मी जवळ गेलो की नुसते ओठ हलवतो. घरी सिंधूचंही तेच. वीस वर्षांपासूनचा पार्टनर आणि बायको, दोघं सामील! गाफील राहायचं नाही. तेल दोनदा.

२ फेब्रुवारी, दुपारी
बँड वाजतोय. लग्नाचा, क्लॅरिनेटसकट. सिंधूला ऐकू येत नाही म्हणे. कागदावर लिहून विचारते, "कुठी वाजून राहिला जी?" लिहून! म्हणजे आवाज चोरायचाच आहे. समोरचा चहावाला धोंडबाही नाही म्हणून मान हलवतो. सगळ्यांना पढवलंय. सरळ आहे: महादेवराव वेगळं गॅरेज काढतोय, उद्घाटनाची तालीम चालली आहे.

९ फेब्रुवारी
सापळा लावला. टायरांच्या ढिगामागे बसलो. महादेवराव आणि सिंधू अंगणात आले, बराच वेळ बोलले. एक शब्द पोचू दिला नाही. काय ट्रेनिंग! धोंडबा रस्त्यापलीकडून हसत होता.

१० फेब्रुवारी
महादेवरावाला सांगितलं, तू आणि तुझा बँड, चालते व्हा. त्याचे ओठ खूप हलले. मग गॅरेजची किल्ली स्टुलावर ठेवली, डोळे पुसले, गेला. नाटकी माणूस.

१३ फेब्रुवारी
सिंधूने धंतोलीत डॉक्टरकडे नेलं. बँडला साक्षीदार मिळेल म्हणून गेलो. त्यांनी लोखंडी चिमटा वाजवून कानापाशी धरला. काही नाही. दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. खणखणीत! म्हटलं, हा तर माझा पेचकस. मग पिचकारी मारली. मळ निघाला, आणि कापसाचे तीन जुने बोळे. डॉक्टर म्हणाले, कानाला बाहेरचं मिळालं नाही की डोकं आपलाच बँड लावतं, आणि माणसाला सगळं जग कुजबुजतंय असं वाटतं. वेड नाही, मळ आहे.
रिक्षात सिंधू म्हणाली, "टायरामागं बसले होते तवा आमी दोघं बोंबलून तुमालेच जेवाले बलावून राहिलो होतो. धोंडबाले इचारा."

१५ फेब्रुवारी
बँड बंद. धोंडबाच्या कपबशाही ऐकू येतात. समोरून महादेवराव गेला. दोनदा हाक मारली. वळला नाही.
ऐकू आलं नसेल. त्याच्याही कानात मळ असणार.