वीस मिनिटं

शार्लीन,

मी अकरा वर्षं गॅरेजमध्ये खपून उभी केलेली सहासष्ट सालची गाडी. तिच्यासाठी तू नाताळात खांद्यावरून घ्यायचे सीटबेल्टचे पट्टे आणलेस. मी म्हणालो, "पट्ट्यांसाठी भोकं पाडली तर गाडी अस्सल राहील का? जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक गुण कापतील."

तू म्हणालीस, "बाबा, आत माणसं बसतात, परीक्षक नाही." वेंडेल नुसता हसला.

जूनमध्ये टोलेडोच्या प्रदर्शनाला जाताना मी गाडी झाडावर घातली. शेजारी बसलेला वेंडेल, तुझा नवरा, माझा मुलगा, गेला. दफनाच्या वेळी मी सगळ्यांना सांगितलं, ते पट्टे या गाडीला बसतच नव्हते.

साफ खोटं. मी पट्ट्यांचा खोका उघडलाच नव्हता.

काल त्या चेपलेल्या गाडीत भोकं पाडून पट्टे बसवले. वीस मिनिटं लागली.

हे टपालात टाकायची हिंमत नसलेला,
व्हर्नन