ताईच्या मुलाला जागा नाही

१४ ऑक्टोबर

ताईस नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वर 'आम्ही सगळे मजेत' आणि खाली दीड पान शिव्या, छान जमलंय. मीही मजेत आहे. दाढ काढली, भावोजींना सांग.

आता मुद्द्याचं. होय, तुझ्या लेकाचा जुन्या संघाशी करार संपतोय, आमच्या सायकल संघात नव्या हंगामासाठी एकच जागा होती, आणि ती मी त्याला दिली नाही. बाकी सगळ्यांनी हो म्हटलं होतं. मी एकटी अडून बसले. मालक म्हणाले, "अहो, एवढ्या नामांकित बाईंचा मुलगा! आईच्या नावावर प्रायोजक धावत येतील." मी म्हटलं, "मग आईलाच घ्या की, अजून सायकल मारते ती." कोणी हसलं नाही.

जागा कोणाला दिली हे ऐकून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. त्याला सगळे 'आजोबा' म्हणतात, आणि आजवर एकही शर्यत त्यानं जिंकलेली नाही, कबूल. पण आमच्या मुख्य गड्याला वारा लागू नये म्हणून दिवसभर त्याच्यापुढे राबतो, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतो, आणि उतारावर तर त्याच्यामागे डोळे मिटून जावं. मला असाच माणूस हवा होता. 'मावशी असून परक्याला घेतलंस' असं लिहितेस. अगं, मावशी आहे म्हणूनच.

चढावर तुझा लेक सोनं आहे. अगदी तुझ्यावर गेलाय, सीटवरून उठला की बघत राहावं. पण चाचणीच्या दिवशी मी त्याच्यामागे गाडीत होते. उतार लागला आणि त्याची बोटं ब्रेकवर गेली ती गेलीच. रस्ता कोरडा ठणठणीत होता, ताई. वळण संपून सरळ रस्ता आला तरी ब्रेक दाबलेलेच. पायथ्याशी थांबला तेव्हा त्याला हँडल सोडता येईना. एकेक बोट मी सोडवलं.

हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहितेच. जूनमध्ये 'कंबर लचकली' असं त्यानं तुला कळवलं होतं ना? लचकली कसली! उतारावरच्या वळणात सायकलसकट कठड्यावरून खाली गेला होता. झाडाला अडकला म्हणून आज आहे.

आणि हा नकार त्यानंच माझ्याकडे मागितला. "मावशी, तूच नाही म्हण. आईसमोर माझ्या तोंडून निघणार नाही." लहानपणी तुझा मार चुकवायला माझ्यामागे लपायचा, तोच चेहरा. मी म्हटलं, म्हणते. पण आईला खरं कारण कळवीन. त्यानं मान डोलावली.

तेव्हा हवी तेवढी रागव. फोन उचलू नकोस, सख्ख्या बहिणीनं नाक कापलं म्हणून चार लोकांत सांग. मी तसूभर मागे हटणार नाही. त्याला दुसऱ्या संघाच्या दारात नेऊन उभं केलंस, तर तिथेही येऊन आडवी पडेन. तुझी पदकं तुझी आहेत गं. त्याला फक्त त्याचा जीव आहे.

चार दिवस तो माझ्याकडेच होता. हे पत्र त्याच्याच हाती पाठवलंय. म्हणजे तू वाचतेयस आणि तो तुझ्यासमोर उभा असेल, बूटही न काढता. संघाचं काही विचारू नकोस. आधी त्याला बस म्हण.

तुझी, आणि तेवढीच त्याची,
धाकटी