उत्तराचं फाटकं जॅकेट

प्लेनो, टेक्सास

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे. अल्टरेशनच्या दुकानातलं काम नीट चाललं आहे, मालक अनिलकाका समजून घेतात. आईला एवढंच वाचून दाखव. तिचा गुडघा कसा आहे?

काकांची मुलगी उत्तरा जपानमधल्या तरुण पोरींसारखे कपडे घालते. एकावर एक दोन झगे, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, केसांत डझनभर क्लिपा. गिऱ्हाइकं वळून बघतात, हसतात. मला हसू येत नाही.

परवा तिने एक फाटकं जॅकेट दिलं. "दादा, फक्त बटन फिक्स कर हं." दादा म्हणते, तेही मला आवडत नाही. मी बटण लावलं आणि ती खूश होईल म्हणून नऊही भोकं रफू केली, टाका दिसणार नाही अशी.

ते बघून ती रडायलाच लागली. "अरे, ती मी मुद्दाम पाडली होती! तीच तर स्टाइल आहे!"

तेवढ्यात तिचा गुलाबी केसांचा मित्र निहार आला. "चिल, यार," म्हणत त्याने माझीच कात्री घेतली आणि माझे टाके उसवले. ती हसायला लागली.

"काय ध्यानं निघालीत!" काकू म्हणाल्या. पण ताई, दोघं एकमेकांना शोभत होते. तेच मला बघवलं नाही.

संध्याकाळी आरशासमोर उभं राहून मी माझ्या नव्या शर्टाच्या बाहीवर कात्री टेकवली. कापायला हात धजला नाही.

तुझा धाकटा,
नीलेश