साताऱ्यात वाजलेला ढोल

आबा, तुमच्या पायावर बिरदेवचा दंडवत.

मी बरा हाय. दोन वेळचं जेवतोय, आईला सांगा. रहिमतपूरचं काम सोडलं, का ते राहू द्या. साताऱ्यात चित्रांच्या प्रदर्शनात चित्रं टांगायचं काम मिळालंय. आईचा गुडघा दुखतोय का?

काल तिथंच अंगणात एका मंडळाचा गजीनाच होता, आपल्या धनगरांचाच. ढोल वाजला आणि माझे पाय आपसूक रिंगणात शिरले. हातात चित्रं पुसायचा रुमाल होता, तोच उडवायला लागलो. म्होरक्या म्हणाला, "पाव्हणं, बाजूला व्हा. आमची माणसं ठरल्यात." सगळी हसली. मीबी हसलो.

चैतात आपल्या देवाची जत्रा. रिंगणात तुमच्या ढोलासमोर माझी जागा असायची. ती धाकट्या धुळाला दिली असंल, तर आबा, मी येईपर्यंत कळवू नका.

तुमचाच,
बिरदेव