फुग्यांची ताडी

६ डिसें. ९८, रवि.
नाताळला आमच्या लेकीच्या, लीनाच्या सासरचे पहिल्यांदाच जेवायला येणार. इंद्यालच्या रश्श्याबरोबर तळलेले फुगे हवेतच. आज थोडे करून पाहिले, पीठ फुगलंच नाही! मुठीतून दाबून तेलात सोडले तर नुसते दगड. मैदा नेहमीचा, अंडी ताजी, नारळाचं दूध घरचं. राहिली ताडी, पीठ फुगवते ती तीच. ती पास्कूने आणली. ईस्टरला फादरसमोर शपथ घेतलीय माझ्या नवऱ्याने, थेंब घेणार नाही म्हणून. आणि ताडी आणायला मी त्यालाच पाठवते. शहाणी बाई मी!

१३ डिसें.
पुन्हा तेच. ताडीला वास नावालाच. अर्धी वाटेत पोटात, वर पाणी. दुसरं काय?
"किती प्यायलास?"
"शपथ आहे माझी."
तिचंच तर विचारतेय मेल्या! तोंड हुंगलं तर बडीशेप. जेवणाआधी बडीशेप कोण खातं?

१६ डिसें.
अबोला. व्याह्यांसमोर झिंगून बसला तर लीनाने तोंड कुठे लपवायचं.

२३ डिसें.
सकाळी स्वतःच ताडीवाल्याकडे गेले. म्हटलं, माझ्या नवऱ्याला पाणी घातलेली देतोस की काय?
"तुजा नवरा? ईस्टरपासून हिकडं फिरकला नाय, बाय. रस्त्यानं जाताना पन तोंड फिरवतो."
मग बाटलीत काय होतं? घरी येऊन सरळ विचारलं. मग म्हणाला, "शहाळ्याचं पाणी. त्यात बेकरीतलं चिमूटभर यीस्ट. ताडी हातात घेऊन मी घरापर्यंत पोचेन असं वाटत नाही मला."
"आणि बडीशेप?"
"तलफ आली की चघळतो."
मोरीत जाऊन रडले. काय काय बोलले मी त्याला.

२५ डिसें. नाताळ
ताडी काल मीच आणली. फुगे टम्म! विहीणबाईंनी चार घरी नेले. पास्कूने इंद्याल पावाबरोबर खाल्लं, फुग्याला हात लावला नाही. ताडीचा वास येतो ना फुग्यांना.
अर्धी बाटली उरलीय. उद्या ओतून टाकायची.

२६ डिसें.
स्वयंपाकाआधी ओतायला गेले तर बाटली रिकामी. धुऊन पालथी घातलेली.
"मी ओतली मोरीत," पास्कू म्हणाला.
बरं केलंस म्हटलं. तो बडीशेप चघळत होता. तोंड हुंगायला पुढे झाले, तशीच मागे आले. जेवण व्हायचं होतं अजून.