वास आला, म्हणून ताप नाही

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
साबण कारखाना, मुख्य इमारत.

विषय : सर्दी व इन्फ्लुएन्झा हे दोन वेगळे आजार मानून आजारी रजेचा नियम बदलणेबाबत, तसेच एक खासगी स्वरूपाचा आदेश काढणेबाबत.
संदर्भ : माझ्या रजेच्या अर्जावरील आपल्या विभागाचा शेरा, "नाक चालू, कामास योग्य."

महोदय,

१. मी वास-परीक्षण खोलीत साबणाच्या वड्या हुंगून पास-नापास करतो. आमचे हत्यार नाक, त्यामुळे आजारी कोण हेही नाकावरूनच ठरते. टेबलावरच्या जोडीदाराने डोळे मिटलेल्या माणसाच्या नाकाखाली लवंगेच्या तेलाची बाटली धरायची. वास ओळखला नाही तर रजा, ओळखला तर काम. खाली जोडीदाराची सही. एका टेबलावरच्या दोघांना एकदम रजा मिळत नाही, हे आपण जाणताच.

२. त्या दिवशी माझ्या जोडीदाराला सर्दी होती. आधी घसा खवखवला, मग शिंका, मग नाक नळासारखे, असे त्या सर्दीचे हळूहळू चालले होते. ताप नव्हता; डबा त्याने चाटूनपुसून खाल्ला. मी मात्र सकाळी ठणठणीत आलो आणि दुपारच्या भोंग्यापर्यंत हुडहुडी भरली, डोके फुटायला आले, कोरडा खोकला लागला, अंग कुणी कुटून काढल्यासारखे झाले. नाक तेवढे स्वच्छ. त्याला म्हटले, "अरे, उभंसुद्धा राहवत नाहीये मला." तो म्हणाला, "नाक चालतंय ना तुझं? मग झालं." त्याने बाटली धरली, मी लवंग म्हणालो. खोटे बोलायला हवे होते, सुचले नाही. त्याने माझ्या कागदावर सही केली आणि स्वतः रजेवर गेला.

३. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की सर्दी वाढून इन्फ्लुएन्झा होत नाही, दोन्हींचे विषाणूच वेगळे. इन्फ्लुएन्झा एकदम झडप घालतो, जोराचा ताप आणतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या छातीत उतरला तर न्यूमोनिया होतो. हे मला फार उशिरा कळले. कारखान्याने योग्य ठरवले म्हणून मीही त्याला थकवा समजलो आणि नेहमीप्रमाणे वडिलांना शेजारी बसून भरवले. एरवी दुसऱ्या खोलीत झोपलो असतो. वडील आता रुग्णालयात प्राणवायूवर आहेत.

४. आपल्या शेऱ्याचा राग आला आणि गेला. सही त्याची आहे, हे मात्र जात नाही. याच टेबलावर माझ्या वडिलांनी आम्हा दोघांना हुंगायला शिकवले. तो आमच्याच घरी जेवत मोठा झाला. वडील त्याला 'धाकटा' म्हणतात. माझे कपाळ तापले होते, ते त्याने हात लावून पाहिले होते, महोदय, आणि मग बाटली उघडली. परका असता तर मी हा अर्ज लिहिला नसता.

५. सबब खोलीत एक तापमापक ठेवावा. अंग तापलेल्या माणसाला, त्याला जगातले सगळे वास येत असले तरी, घरी पाठवावे. त्या दिवशी मी पास केलेले साबण बाजारात जाऊ देऊ नयेत, कारण मला शेवटी शेवटी फरशीलाही गुलाबाचा वास येत होता. आम्हा दोघांची टेबले वेगळी करावीत, मध्ये कपाट ठेवावे.

६. आता आदेशाबाबत. वडील रोज विचारतात, "धाकटा कुठाय?" मी म्हणतो, कामात आहे. तो रुग्णालयाच्या फाटकापर्यंत येऊन परत जातो, असे तिथल्या पहारेकऱ्याने सांगितले. वर येणे त्याला जमत नाही आणि हाक मारणे मला जमत नाही. तरी त्याची सर्दी पूर्ण गेल्याची खात्री करून, तोंडाला मास्क लावून, त्याला कामाच्या वेळेत रुग्णालयात पाठवावे. वडिलांना सहीबद्दल काही सांगितलेले नाही व सांगितले जाणार नाही, एवढे त्यास कळवावे. त्या वेळी मी बाहेर बाकावर बसेन.

ज्यांना भेटायचे आहे त्यांना बोलावून घ्या, असे डॉक्टरीणबाईंनी सकाळी सांगितले. म्हणून आदेश आजच्याच तारखेचा असावा, ही विनंती.

आपल्या खात्याचा आज्ञाधारक,
(सही)
वास-परीक्षक, टेबल क्रमांक दोन
दिनांक : ११ फेब्रुवारी

सोबत :
१. डॉक्टरीणबाईंचा दाखला
२. वॉर्डाचा पत्ता व भेटीच्या वेळा (जोडीदारास देण्यासाठी)